पंचवीस सप्टेंबरचा पाऊस

सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

दानेश्वरी,

तुझी अट मान्य. फोन नाही, मेसेज नाही, फक्त पत्र. एका संध्याकाळी एकतीस वेळा फोन करणाऱ्या माणसाला तू ब्लॉक केलंस, यात तुझं काही चुकलं नाही. हे आज कळतंय. त्या संध्याकाळी कळलं नव्हतं. तू म्हणालीस, "तुझा राग पोस्टाच्या पेटीपर्यंत टिकत नाही, म्हणून पत्र लिही." पेटी आमच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे, दानेश्वरी. तेवढा टिकतो.

माझं चाललंय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चार माग माझ्याकडे आहेत. धागा तुटला की माग थांबतो, मी गाठ मारतो, माग सुरू होतो. आवाज इतका की मनातल्या मनात कुणाशी भांडताही येत नाही. आई म्हणते, "हुच्चा, येडा कुठला, दीड वर्ष राहिलं होतं कॉलेजचं, एका थोबाडीत घालवलंस." बरोबर आहे. ज्याच्या थोबाडीत मारली तो बँकेत लागलाय. तुझ्या नावानं फळ्यावर काय लिहिलं होतं ते त्यालाही आठवत नसेल. मला आठवतं.

ईश्वरकाका बरे आहेत. मे महिन्यात रिटायर होतील. प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हापासून सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला कॉलेजमागच्या पर्जन्यमापकापाशी जातात, अजूनही. मी कामावर जाताना मागच्या फाटकातून आत शिरतो, त्यांच्याबरोबर दोन मिनिटं उभा राहतो. वॉचमन विचारतो, "का बे, तू कॉलेज सोडलंस की कॉलेजनं तुला?" काका म्हणतात, "पोरगं माझं हाय, जाऊ दे."

ऑगस्टमध्ये तू त्यांची सगळी रजिस्टरं मागवलीस. झेरॉक्स मीच काढल्या. काय करणार आहेस त्यांचं?

श्रीशैल

*

पुणे,
२१ नोव्हेंबर २०२५

श्रीशैल,

पत्र दोनदा वाचलं. असंच लिहीत जा.

आता बातमी ऐक. हवामान आणि समुद्र यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे, वातावरण व सागर अभ्यास मंडळ. दर वर्षी त्यांची परिषद भरते. या वेळी विशाखापट्टणमला, २८ ते ३० जानेवारी. माझा निबंध त्यांनी स्वीकारला! भिंतीवर लावायचा तक्ता नाही, बोलायचं आहे, बारा मिनिटं. एम.एस्सी.च्या मुलीला हे सहसा मिळत नाही.

निबंध काकांच्या नोंदींवर आहे. पावसाचे दिवस कमी होतायत आणि एकेका दिवसाचा पाऊस वाढतोय, हे सत्तावीस वर्षांच्या आकड्यांत दिसतं. बंगालच्या उपसागराचं पाणी तापतंय, तिथून निघालेले कमी दाबाचे पट्टे आपल्यापर्यंत येतात, त्याच्याशी मी ते जोडलंय. आणि सगळ्यात मोठा पुरावा आहे २५ सप्टेंबर २०२४. त्याआधीचे तीन दिवस शून्य, आणि मग एका दिवसात ११८ मिलिमीटर. एवढा पाऊस काकांच्या अख्ख्या रजिस्टरात दुसरा नाही. माझी पहिली आकृती तीच आहे.

समुद्राच्या तापमानाचे नकाशे नंदीशनं करून दिले. तो इथे पीएच.डी. करतो, विजापूरचा आहे.

दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी. एकही दिवस न चुकवता नोंद ठेवणाऱ्या माणसांचा मंडळ दर वर्षी परिषदेत सत्कार करतं. मी काकांचं नाव कळवलं होतं. ते मंजूर झालं.

काकांना एवढा प्रवास एकट्यानं जमणार नाही. तू घेऊन येशील का? आणि हो, तू आलास तर मला आवडेल.

दानेश्वरी

*

सोलापूर,
२९ नोव्हेंबर २०२५

दानेश्वरी,

तुझं शेवटचं वाक्य मी मागाच्या आवाजात मोठ्यानं म्हणून बघितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

काकांना सांगितलं तर कॅलेंडरवर तारखांभोवती गोल काढले. मग म्हणाले, "समुद्र दिसंल का रं तितनं?" म्हटलं, दारातच आहे. काल त्यांना नवी पेठेत शर्टाला नेलं. दुकानदारानं विचारलं, "लग्न आहे का घरात?"

"न्हाय ओ, परिषद हाय. समुद्राची."

"समुद्राची परिषद आणि सोलापूरचा माणूस?"

"पानी तितनंच येतंय की हिकडं," काका म्हणाले. पांढरा शर्ट घेतला. बाही लांब होती, ती हातभर दुमडून सगळ्या बुधवार पेठेला दाखवत गेले. कोणार्क एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीत, खालचा बर्थ त्यांचा.

एक विचारायचं होतं. तो २५ सप्टेंबरचा दिवस घ्यायलाच पाहिजे का? सत्तावीस वर्षांत दुसरे दिवस काय कमी आहेत? एकाच दिवसावर एवढा भार कशाला टाकायचा? काढून टाक की. मी अर्धवट शिकलेला माणूस, मला काय कळतं, पण वाटलं म्हणून लिहिलं.

आणि नकाशे तुला स्वतःला काढता येत होते. पहिल्या वर्षाला आख्ख्या वर्गाचे काढून द्यायचीस.

श्रीशैल

*

पुणे,
८ डिसेंबर २०२५

श्रीशैल,

तो दिवस काढला तर निबंधात उरतं काय? बाकीच्या आकड्यांत कल दिसतो, पण पुसट. तो एक दिवस लोकांच्या लक्षात राहतो. तुला काढावासा का वाटतो? काही माहीत असेल तर सरळ लिही. त्या आठवड्यात काका हर्नियाच्या ऑपरेशनला सिव्हिलमध्ये होते आणि वाचन तू घेत होतास, एवढं मला ठाऊक आहे. रजिस्टरावर सही काकांची आहे, म्हणजे त्यांनी तपासलेलं आहे.

की हे नकाशांवरून आहे? नंदीशचं नाव आलं की तुझं अक्षर बदलतं, श्रीशैल. शाई जाड होते. तो माझ्याबरोबर परिषदेला येतोय, त्याचाही निबंध आहे, आम्ही एकाच गाडीनं जाणार आहोत. हे तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

काकांना म्हणावं, समुद्रावर संध्याकाळी जाऊ, सगळे मिळून.

दानेश्वरी

*

सोलापूर,
१३ डिसेंबर २०२५

सगळे मिळून म्हणजे कोण कोण? तू, तो, काका, आणि पिशव्या धरायला मी?

सरळ लिही म्हणालीस ना, घे सरळ. तो आकडा खोटा आहे. ११८ खोटा, आधीची तीन शून्यं खोटी. मी लिहिलीत, बॉलपेननं, पायऱ्यांवर बसून. मुद्दाम लिहिलीत, तुझी परिषद बुडावी म्हणून! जा, दाखव आता तुझ्या पीएच.डी.वाल्याला. त्याला म्हणावं, तुझ्या लाल-पिवळ्या नकाशांच्या मधोमध एका मागवाल्यानं थुंकून ठेवलंय.

त्याच्याच शेजारी बसून जा. मला तिकीट नको, समुद्र नको.

श्रीशैल

*

पुणे,
२२ डिसेंबर २०२५

श्रीशैल,

सप्टेंबर २०२४ मध्ये परिषद कुठे होती? निबंध कुठे होता? मला इथे येऊन महिनाच झाला होता. तेव्हा तू माझी परिषद बुडवायला आकडे लिहिलेस? निदान खोटं तरी जुळवून लिहायचं होतंस.

मागे एकदा मेसेजवर असंच लिहिलं होतंस, की माझी प्रॅक्टिकलची वही तू जाळलीस. मी दोन दिवस रडले. वही तुझ्या कपाटात निघाली, खाकी कव्हर घालून. तुझा राग गेला की तुझं खोटं विरून जातं, पण ज्याला ते ऐकावं लागतं त्याचं काय?

तरीही मी काकांना फोन केला. विचारलं, त्या आठवड्याचे आकडे बरोबर आहेत ना? त्यांनी तारखा परत विचारून घेतल्या. मग म्हणाले, "सही माजी हाय न्हवं? मग वाचन माजं." मला तेवढं पुरे.

काकांबरोबर त्यांची मुलगी चैताली येईल. तू येऊ नकोस. आणि आता पत्रही नको.

दानेश्वरी

*

सोलापूर,
६ जानेवारी २०२६

दानेश्वरी,

पत्र नको म्हणालीस तरी हे पाठवतोय. खालचं सगळं पाच दिवस टेबलावर ठेवून बघितलं. रोज वाचलं, एक शब्द बदलावासा वाटला नाही. राग असता तर बदलला असता.

मुद्दाम लिहिलं हे खोटं होतं. आकडा खोटा आहे हे खरं.

काका ॲडमिट झाले तेव्हा त्यांनी मला पर्जन्यमापकाच्या कुलपाची किल्ली दिली. म्हणाले, "पाच-सा दिस हाय, संबाळ." २१ तारखेला साडेआठचं वाचन घेतलं आणि दुपारी पुण्याची गाडी धरली. सांगून आलो नव्हतो. तीन दिवस तुझ्या हॉस्टेलसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. २३ ला संध्याकाळी तू बाहेर आलीस, दोन मुली बरोबर होत्या. तू कशाला तरी इतकी हसलीस की छत्री खाली टेकवून उभी राहिलीस. मला हाक मारायची होती. मी येऊन उभा राहिलो असतो तर ते हसणं थांबलं असतं, एवढं मला त्या वेळीही कळलं. हाक मारली नाही.

२५ ला पहाटे परत आलो, तसाच कॉलेजात गेलो. बाटली उचलली तर जड. मापाची नळी वीस मिलिमीटरची. पाच वेळा काठोकाठ भरली, सहाव्यांदा अठरा. ते चार दिवसांचं पाणी होतं. कुठल्या दिवसाचं किती, कसं सांगणार?

काकांचा नियम तुला माहीत आहे. वाचन झालं नाही तर त्या दिवसापुढे आडवी रेघ मारायची, आणि नंतरच्या आकड्यावर लिहायचं की ही बेरीज आहे. पण त्यांच्या रजिस्टरात एवढ्या वर्षांत एक रेघ नाही, दानेश्वरी. पहिली रेघ माझ्या हातनं पडायची, आणि ती का पडली ते सांगायचं, की मी तुझ्या फाटकासमोर चहा पीत होतो? मी तीन शून्यं टाकली आणि सगळं पाणी चौथ्या दिवशी लिहिलं. म्हटलं, महिन्याची बेरीज तर खरी येते की. कुणाचं काय बिघडलं?

काका घरी आले, पान बघितलं, सही केली.

गेल्या आठवड्यात त्यांना सांगायला गेलो होतो. घरात नागूकाकू काकांच्या नव्या शर्टाला इस्त्री करत होत्या. काका आरशासमोर उभं राहून चार वाक्यं पाठ करत होते, चैतालीनं लिहून दिलेली. मला म्हणाले, "बस, ऐक, कुटं अडकतंय बघ." मी ऐकलं. कुठं अडकत नाही म्हणालो. आणि उठून आलो.

मला जमलं नाही. तू हे वाचलंस तर निबंध मागे घे, नाहीतर तो दिवस काढ. मी येत नाही, कधीच येणार नाही, पण एवढं कर.

श्रीशैल

*

पुणे,
५ फेब्रुवारी २०२६

श्रीशैल,

तुझं पत्र १२ जानेवारीला आलं. मी ते उघडलं नाही. बॅगेच्या कप्प्यात टाकलं आणि तसंच विशाखापट्टणमला नेलं. काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बारा मिनिटं होती. काका पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, गळ्यात परिषदेचं कार्ड. संध्याकाळी सत्कार होता. मी चांगली बोलले. २५ सप्टेंबरची आकृती आली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली, मला ती आवडली.

मग प्रश्न. एक वयस्कर बाई उठल्या. उपसागरातले कमी दाबाचे पट्टे हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. अगदी मायेनं विचारलं, "मुली, तो पट्टा मला चांगला आठवतो. २२, २३, २४ ला सोलापूरवर दाट ढग होते. २५ च्या सकाळपर्यंत ते सरकून गेले होते. तुझ्याकडे पाऊस नेमका उलटा कसा?"

मी काय केलं असेल? मी काकांकडे बोट केलं. म्हटलं, "नोंद ठेवणारे इथेच बसलेत. सत्तावीस वर्षांत नोंदीचा एक दिवस चुकलेला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, श्रीशैल.

काका उठले. माईक नको म्हणाले. मराठीतच बोलले, चैताली हिंदीत सांगत होती. "बाई, तुमचं बरूबर हाय. त्या चार दिसात मी दवाखान्यात हुतो. वाचन झालं न्हाय. चार दिसाचं पानी एकाच दिसावर पडलं. चूक माजी हाय." कुणीतरी विचारलं, मग वाचन कोण घेत होतं? काका म्हणाले, "सही माजी हाय." तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. तुझं नाव आलं नाही.

माझा निबंध मी तिथेच मागे घेतला. सत्काराची वेळ यायच्या आधी काकांनी कार्ड काढून टेबलावरच्या मुलीला परत दिलं. मंडळाचे चिटणीस सज्जन आहेत, म्हणाले, पुन्हा बघू. पण अखंड नोंदींच्या यादीतून नाव काढलं, आणि सगळ्या सत्तावीस वर्षांच्या आकड्यांपुढे "खात्री नाही" असा शेरा पडला.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. काका बूट हातात घेऊन पाण्यापासून लांब उभे राहिले. म्हणाले, "ह्याचं कोन मोजतं?" मी सांगितलं, तरंगती यंत्रं सोडलेली असतात. "त्यांचं चुकत न्हाय का?" चुकतं म्हटलं. मग ते बोलले. सिव्हिलच्या वॉर्डात त्यांची खाट खिडकीशी होती. तिन्ही संध्याकाळी पाऊस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. घरी येऊन तुझी तीन शून्यं बघितली तेव्हाच त्यांना सगळं कळलं. मी विचारलं, मग सही का केलीत? म्हणाले, "पोरगं कॉलेजातनं गेलं हुतं. बोललो असतो तर हितनं बी गेलं असतं." आणि मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत? बुटातली वाळू झटकत म्हणाले, "मला बी यायचं हुतं गं हितं."

त्या रात्री मी तुझं पाकीट उघडलं.

नंदीश मला दोनदा म्हणाला होता, त्या आठवड्याची ढगांची चित्रं एकदा जुळवून बघू. मीच म्हटलं होतं, काकांच्या रजिस्टराला कसली जुळवाजुळव? त्यामुळे सगळं तुझ्यावर टाकत नाही. तू खरं सांगितलंस तेव्हा शिवी दिल्यासारखं सांगितलंस, आणि नीट सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही.

पण मी आता लिहिणार नाही. रागानं नाही. तुझं पत्र आलं की आधी मला हे तपासावं लागतं की यातलं कुठलं वाक्य खरं. असं किती दिवस वाचायचं?

काकांनी सांगितलंय, "श्रीशैलला कायबी बोलू नगंस." मी बोलले नाही. लिहिलंय फक्त.

दानेश्वरी

*

सोलापूर,
१६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. चिटणीस,
वातावरण व सागर अभ्यास मंडळ

विषय: सोलापूर येथील पर्जन्यनोंदीतील चुकीबाबत

महोदय,

माझं नाव श्रीशैल. शिक्षण बी.एस्सी. दुसरं वर्ष, अपूर्ण. सध्या टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. आपल्या परिषदेत श्री. ईश्वर यांनी जी चूक स्वतःची म्हणून सांगितली, ती माझी आहे.

२१ ते २५ सप्टेंबर २०२४ या काळात वाचनाची जबाबदारी माझ्याकडे होती. २२, २३ आणि २४ तारखेला मी सोलापुरात नव्हतो. कारण खासगी आहे. त्याच्याशी कुणाचा संबंध नाही, ज्यांच्यासाठी गेलो त्यांनाही ते माहीत नव्हतं. २५ तारखेचे ११८ मिलिमीटर ही चार दिवसांची बेरीज आहे. आधीच्या तीन दिवसांपुढे शून्य नको, "वाचन नाही" असं लिहावं. रजिस्टराच्या त्या पानाची झेरॉक्स आणि माझ्या हस्ताक्षराचा नमुना सोबत जोडला आहे. शून्य काढताना मी वर गाठ मारतो, श्री. ईश्वर मारत नाहीत. कुणीही तपासून बघावं.

पानावर सही त्यांची आहे, हे खरं. ती त्यांनी मला वाचवायला केली. ते चूक की बरोबर, हे ठरवायचं काम मंडळाचं. पण चार दिवसांसाठी सत्तावीस वर्षांवर शेरा मारू नये. कु. दानेश्वरी यांना मी १३ डिसेंबर रोजी हे कळवलं होतं, पण अशा भाषेत की कुणीही विश्वास ठेवला नसता. त्यांचा यात दोष नाही.

परिषदेहून आल्यापासून श्री. ईश्वर यांनी वाचन घेणं बंद केलं आहे. कुलपाची किल्ली त्यांनी कार्यालयात जमा केली. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "आता कशाला? खात्री न्हाय म्हनत्यात." सकाळी साडेआठला ते घराच्या ओट्यावर बसलेले असतात.

हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी पाठवू दिलं नसतं.

मला उत्तर नको. जे काही ठरेल ते बुधवार पेठेत त्यांच्या पत्त्यावर कळवावं, पत्ता मागे लिहिला आहे. मराठीत लिहिलंत तर बरं होईल. ते स्वतः वाचतील.

आपला,
श्रीशैल

प्रत माहितीसाठी: कु. दानेश्वरी, पुणे